अजायबघर आणि आमची मुले

उर्दूत वस्तुसंग्रहालयाला ‘अजायबघर’ म्हणतात. अजायब म्हणजे नवलाच्या चिजा. मराठी शब्दात वस्तू आहेत, त्यांचा संग्रह आहे, नवलाचा मात्र उल्लेख नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, घरी दखनी बोलते आणि लिहायची वेळ आली की मराठीत लिहिते. त्यामुळे दोन्ही शब्द माझेच. पण खरे सांगायचे तर मी पहिल्यांदा संग्रहालय पाहिले तेव्हा मला नवलही दिसले नाही आणि वस्तूही दिसल्या नाहीत.

ते बी.एड.चे वर्ष होते. शैक्षणिक सहल म्हणून आम्हा भावी शिक्षकांना दुसऱ्या एका शहरातल्या संग्रहालयात नेले होते. ऐंशी-पंच्याऐंशी जण, दोन रांगा, पाऊण तास. ‘पुढे चला’ आणि ‘काचेला हात लावू नका’ ही दोन वाक्ये तेवढी लक्षात राहिली. परत आल्यावर अहवाल लिहायचा होता. ‘प्राचीन तलवारी, नाणी व भांडी पाहून ज्ञानात मोलाची भर पडली’ असे मी लिहिले आणि मला दहापैकी आठ गुण मिळाले. कोणती तलवार, कोणाचे नाणे, असे तेव्हा कोणी विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

नोकरी लागल्यावर मीही तेच केले. माणूस जसा शिकतो तसाच शिकवतो. फरक इतकाच की आता ‘पुढे चला’ म्हणणारी मी होते.

आमचे शहर नगर. २०२४ साली त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी जुनेच नाव वापरते. मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही स्थापन केली आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ या शहराचा पाया घातला. इथे इतिहासासाठी लांब जावे लागत नाही. बाजाराला जाताना, शाळेत येताना तो आडवा येतो. शहा डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत लांबूनही दिसते. वर्गातल्या चाळीस मुलांना विचारा, चाळीसही जण सांगतील, ‘चांदबीबीचा महाल’. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. तो निजामशाहीतला कर्तबगार वजीर सलाबतखान याचा मकबरा आहे. मुले चुकतात म्हणून मी एकेकाळी रागवायची. आता वाटते, लोकांनी शहरातली सर्वांत उंच इमारत चांदबीबीच्या नावे करून टाकली, हाही इतिहासच आहे. १५९५-९६ मध्ये मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, आणि या बाईने रातोरात खिंडार बुजवून घेतले. लोक ते विसरले नाहीत. तिचे स्मारक नव्हते, म्हणून त्यांनी वजिराचे घेतले.

शहरात १९६० साली ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र सुरू झाले. मोडी आणि फारसी कागद, नाणी, शस्त्रे, पोथ्या अशी तिथली मांडणी. १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालयही आहे. मुलांना ‘कुठे जायचे?’ विचारले तर ती रणगाड्यांकडेच बोट दाखवतात. त्यात त्यांचे काय चुकले? रणगाडा समजण्यासाठी पाटी वाचावी लागत नाही.

माझ्या वर्गाची पहिली संग्रहालय-भेट अशीच रांगेत झाली. पाट्या मराठीत, नाहीतर इंग्रजीत. आमच्या मुलांना मराठी वाचता येते, पण अडखळत. एखादी ओळ पुरी होईपर्यंत रांग पुढे सरकलेली असते. बाहेर आल्यावर सातवीतली एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, “टीचर, इसमें अपना क्या है?”

मी घाईने म्हटले, “सब अपनाच है.” तिने मान हलवली. तिला पटले नव्हते. मलाही नाही.

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. सोपे उत्तर जवळ होते. निजामशहा आपले, चांदबीबी आपली, मलिक अंबर आपला, असे सांगून मोकळे व्हायचे. आपल्या समाजात असे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ‘ते तुमचेच, आमचे नव्हेत’ असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला आहेत. दोघांचे बरोबर जमते. पण फरिश्ताच्या तवारिखेप्रमाणे निजामशाहीच्या संस्थापकाचे घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुळातले. मलिक अंबर आफ्रिकेत जन्मला आणि गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आला. चौथीची मुले शिवरायांचा इतिहास शिकतात तेव्हा त्यांना मालोजीराजे भेटतात. ते निजामशाहीचे सरदार. नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलून झालेले मुलगे म्हणून त्यांनी एकाचे नाव शहाजी ठेवले, दुसऱ्याचे शरीफजी. तो शरीफजी १६२४ मध्ये इथून जवळच भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने, मोगल आणि आदिलशाही फौजांशी लढताना पडला. आता यात ‘अपना’ कोण आणि पराया कोण, हे मी सातवीच्या मुलीला कोणत्या तोंडाने वाटून देऊ?

शिवाय दुसरी एक गोष्ट होती. माझ्या वर्गातली मुले सुलतानांची वंशज नाहीत. ती बागवानांची, पिंजाऱ्यांची, मिस्त्रींची, रिक्षावाल्यांची मुले आहेत. त्यांच्या पूर्वजांची वस्तू संग्रहालयात कुठे असेल? तलवार ज्याने धरली त्याचे नाव पाटीवर येते. ज्याने ती घडवली त्याचे सहसा येत नाही. सहसा म्हणते, कारण एक ठळक अपवाद आमच्याच शहरातला आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमी याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. आणखी एक म्हणजे दमडी मशीद, १५६७ ची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोज एक-एक दमडी काढून ती उभी केली, असे नगरमध्ये सांगतात. सांगण्यात खरे किती हा भाग वेगळा, पण त्या इमारतीची दगडातली नक्षी पाहिली की ती हातांची इमारत आहे याबद्दल शंका राहत नाही. मी मुलांना आधी तिथे नेऊ लागले. एका कमानीसमोर वीस मिनिटे बसायचे आणि दिसेल ते वहीत काढायचे. बाकी काही नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही फूल येते.

पण मूळ गाठ सुटली ती एका तारखेमुळे, आणि तीही शाळेतच.

वाचकांपैकी ज्यांनी पेशवेकालीन पत्रे पाहिली असतील त्यांना माहीत असेल, की जुन्या मराठी पत्रांवर साल आकड्यांत नसते, अरबी शब्दांत असते. मोडीवरून देवनागरीत उतरवलेल्या एका पत्रातले साल मी सहज फळ्यावर लिहिले, ‘सन इहिदे सितैन मया अलफ’, आणि म्हटले, हे मराठी पत्र आहे, याचा अर्थ शोधायला ग्रंथालयात जावे लागेल. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो इतिहासात कधी पस्तीसच्या वर गेला नव्हता, उभा राहिला.

“टीचर, ये तो गिनती है. सित्तीन मतलब साठ. अल्फ मतलब हजार. मौलवीसाब सिखाए.”

संध्याकाळी मकतबमध्ये तो अरबी गिनती घोकत होता आणि सकाळी शाळेत इतिहासात नापास होत होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण ते आम्हालाच दिसले नव्हते. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. अरबीत एकं आधी येते, म्हणून उलटे वाचायचे. अकराशे एकसष्ट.

हा शुहूर सन. त्याची कथा मला वर्गाइतकीच आवडते. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. इबादतीला त्याने काही बिघडत नाही, पण शेतसारा पिकावर घ्यायचा असतो आणि पीक काही चंद्राकडे पाहून येत नाही. म्हणून दख्खनमध्ये हिजरी ७४५, म्हणजे इ.स. १३४४, धरून पुढे सौर वर्षाने मोजायचा सन चालू झाला. वर्ष कधी बदलायचे? सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. नावे अरबी, आरंभ शेतकऱ्याच्या पेरणीचा. निजामशाहीत तो चालला, आदिलशाहीत चालला, शिवाजी महाराजांच्या काळच्या कागदांवर तो आहे, पेशव्यांच्या कागदांवर आहे. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ मिळवायचे. जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ६००.

अकराशे एकसष्टमध्ये ५९९ मिळवा. १७६०. ज्या मोहिमेचा शेवट १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर झाला, तिच्या वेळचे ते पत्र.

पुढच्या नोव्हेंबरात जागतिक वारसा सप्ताह होता. मी एका मराठी शाळेतल्या इतिहासाच्या सरांना गाठले. ते वयाने मोठे, शांत स्वभावाचे. म्हटले, सर, आपण दोन्ही वर्ग एकत्र बसवू. त्यांनी फक्त विचारले, “मॅडम, भांडणार नाहीत ना?” आम्ही एक मराठी आणि एक उर्दू अशा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एका पत्राची देवनागरी नक्कल दिली. मराठी मुले घडाघडा वाचत होती, पण सालापाशी आणि तिथीपाशी अडत होती. ‘छ ७ रबिलावल’ म्हणजे काय? ‘जमादिलाखर’ कोण? आमची मुले मजकुराला अडखळत होती आणि तारीख मात्र तोंडपाठ सांगत होती. अकराशे एकसष्टची बेरीज झाल्यावर मराठी शाळेतला एक मुलगा एकदम ओरडला, “पानिपत!” आणि आमच्या मुलाने विचारले, “वो क्या है?” मग त्या मुलाने त्याला पानिपत सांगितले. मी इतक्या वर्षांत शिकवले नसेल इतके चांगले सांगितले.

मधल्या सुट्टीत डबे आपापलेच उघडले गेले. तेही नोंदवते. एका दिवसात सगळे होत नाही.

यानंतर संग्रहालयात गेलो ते फक्त तीन वस्तू पाहायला. एक पत्र, एक नाणे, एक फारसी अक्षरांचा कागद. उर्दू वाचणाऱ्या मुलाला फारसी समजत नाही, पण अक्षरे ओळखता येतात. काचेला नाक लावून ‘ये मीम है, ये लाम है, मलिक!’ असे चालले होते. शहरात मराठी अडखळत वाचणारी म्हणून जी मुले मागे राहतात, तीच त्या खोलीत इतरांना वाचून दाखवत होती. इतर भेटी देणारेही थांबून ऐकत होते. मी ‘पुढे चला’ म्हटले नाही.

मुलींसाठी मी एक वेगळे चित्र दाखवते, अर्थात छापील. हुसेन निजामशहावर आफताबी या कवीने रचलेल्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या काही चित्रांत सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूं बसलेली होती. ‘होती’ म्हणते, कारण नंतर कोणीतरी तिच्यावर रंग फासून तिला झाकले. ही चांदबीबीची आई. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि शेवटी त्याच मुलाने तिला कैद केले. चित्र दाखवताना मी काही सांगत नाही, फक्त विचारते, इथे काय दिसते? मुली बराच वेळ पाहतात. मग कोणीतरी म्हणते, “टीचर, यहाँ कोई बैठा था.”

आता त्या गोष्टीकडे येते जी लिहू की नको असा मी विचार करत होते.

वस्तू घरातही असतात, हे मुलांना दिसावे म्हणून मी वर्गातच छोटे अजायबघर मांडायचे ठरवले. घरातली जुनी चीज आणायची, ती कोणाची, कधीची, कशाला वापरत, हे दोन भाषांत चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी लिहिण्यासाठी मुलांना आजी-आजोबांपाशी बसावे लागले, हा यातला खरा अभ्यास. पानदान आले, पिंजाऱ्याच्या धुनकीची तात आली, आजोबांचा ओळंबा आला. एकाच्या पणजोबांचा जहाजाने केलेल्या हजचा फोटो आला. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाजे जात, हे मुलांना खरेच वाटेना. उत्साहाच्या भरात मी म्हटले, घरातला सर्वांत जुना कागदही आणा. शाळेचा दाखला, निकाहनामा, घरपट्टीची पावती, काहीही.

तो जानेवारी २०२० होता. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला होता. घराघरांत एकच बोलणे चालू होते, आणि मला, इतिहास शिकवणाऱ्या बाईला, त्याचा आणि माझ्या गृहपाठाचा संबंध लक्षात आला नाही.

दुसऱ्या दिवशी एक आई शाळेच्या फाटकाशी उभी होती. आत येईना. मी बाहेर गेले तर हलक्या आवाजात म्हणाली, “टीचर, ये कागजां कौन मंगाया? ऊपर से आया क्या?”

मी म्हटले, आपा, कोणी नाही मागवले, मीच सांगितले, मुलांच्या अभ्यासासाठी. तिने माझ्याकडे पाहिले. विश्वास ठेवावा की नाही, असे ते पाहणे होते. मग म्हणाली, “हमारे पास सब है. पर घर के बाहर नहीं देते.”

तिच्या सासऱ्यांचा १९५० च्या आसपासचा शाळेचा दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून तांदळाच्या डब्यात ठेवला होता, हे तिच्या मुलाकडून मला नंतर कळले. संग्रहालयात कागद हवेपासून, वाळवीपासून जपतात. हा वेगळ्याच भीतीपासून जपला जात होता. मी त्याच दिवशी वर्गात सांगितले की कागद कोणी आणायचा नाही, फक्त वस्तू. आणि आजही कागद मागत नाही. इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे मी बी.एड.ला पाठ केले होते. ते साधन ज्याच्या घरात आहे त्याला त्याची काय किंमत वाटते, हे त्या बाईने फाटकाशी शिकवले.

शिक्षकांसाठी सोयी अगदीच नाहीत असे नाही. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ मध्ये सुरू झाले. तिथे देशभरातल्या शिक्षकांना वास्तू आणि संग्रहालये अभ्यासक्रमाशी कशी जोडावी हे शिकवतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून ‘फिरते संग्रहालय’ बसमध्ये घालून शाळांपर्यंत नेले. दहावीच्या २०१८ च्या इतिहासाच्या पुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर अख्खे प्रकरण आले. सगळे चांगलेच आहे. पण दहावीचे ते प्रकरण आम्ही फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून संपवतो. संग्रहालय चालत गेल्यास वीस मिनिटांवर असले तरीही. सहलीचा खर्च, परवानगी, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, ही कारणे खरी आहेत; ती मीही देते.

माझे मागणे फार मोठे नाही. मुलांच्या आधी शिक्षकाला एकट्याने संग्रहालयात दोन तास मिळावेत, आणि त्या वेळी तिथल्या जाणकाराने त्याच्याशी बोलावे. एका वेळी वीस मुले, तीन वस्तू. आणि नगरसारख्या शहरात, जिथे दगडावर फारसी, कागदावर मोडी आणि रस्त्यावर मराठी-दखनी आहे, तिथे पाटीवर एक ओळ उर्दूतही असावी. आमची मुले मराठी शिकू नयेत म्हणून हे मागत नाही. मराठी ओळ त्याच पाटीवर असली की दोन्ही शेजारी वाचता येतात, आणि शब्द तर निम्मे तेच निघतात. तारीख, साल, किल्ला, तोफ, फौज.

नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सर्वांना माहीत असते. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे त्याच इमारतीत लिहिली गेली, हे उर्दू शिक्षकांना ठाऊक असते आणि मराठी शिक्षकांना बहुधा नसते. कोठडीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांनी कशी दोस्ती केली, हे त्यातल्या एका पत्रात आहे. त्याच कैदेत, १९४३ मध्ये, त्यांची बेगम जुलेखा कलकत्त्यात वारली. गेल्या खेपेला मी मुलांना ती चिमण्यांची गोष्ट किल्ल्याच्या खंदकाजवळ थांबून सांगितली. त्या मराठी शाळेचे सरही बरोबर होते. त्यांनी ती मराठीत कुठे मिळेल असे विचारले, आणि नंतर मला त्यांच्या वर्गावर येऊन सांगायला लावली.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मृग लागून आठवडा झाला होता. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर फळ्याच्या कोपऱ्यात, जिथे रोजची तारीख लिहितात तिथे, कोणीतरी खडूने लिहून ठेवले होते, ‘सन सित अशरीन अर्बा मया अलफ’. मी मनात बेरीज करून पाहिली. बरोबर होते. दुपारच्या सत्रातल्या सरांनी ते पुसले नाही. संध्याकाळी पाहिले तर त्याखाली त्यांच्या अक्षरात एवढेच होते, ‘हे काय?’